हाडे घडविणारे संप्रेरक आणि घरची दक्षता

उतारवयात, विशेषतः ऋतुनिवृत्तीनंतर, स्त्रियांची हाडे विरळ व ठिसूळ होऊ लागतात. न्हाणीघरात पाय घसरण्याचे निमित्त होते, खुब्याचे हाड मोडते आणि कालपर्यंत सारे घर सांभाळणारी आजी अंथरुणाला खिळते. या विकारावरील बहुतेक औषधे हाडांची झीज रोखतात. टेरिपॅराटाइड हे औषध मात्र नवे हाड घडविते. गळ्यातील परावटु ग्रंथींचे संप्रेरक ८४ अमिनो आम्लांचे असते. त्यातील पहिल्या ३४ आम्लांचा भाग म्हणजे हे औषध. अमेरिकेत त्यास २००२ साली मान्यता मिळाली.

हेच संप्रेरक रक्तात सतत वाढलेले राहिले, तर हाडे झिजवते. दिवसातून एकदाच अल्प मात्रेत दिले, तर हाड बांधणाऱ्या पेशींना चालना देते. म्हणूनच मात्रेचे महत्त्व. रोज २० मायक्रोग्रॅम, मांडीच्या वा पोटाच्या त्वचेखाली. एखादा दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. औषधाचे पेन २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावे, पण गोठू देऊ नये. पहिल्या वापरापासून २८ दिवसांनी औषध उरले तरी ते टाकून द्यावे. एकाचे पेन दुसऱ्याने कदापि वापरू नये.

आरंभीच्या काही दिवसांत इंजेक्शनानंतर उठताना भोवळ येऊ शकते. यास्तव ते बसून किंवा पडून घ्यावे आणि घरातील कोणी तरी जवळ असावे. ज्या पडण्याचे भय, तेच औषधापायी ओढवू नये.

रक्तात कॅल्शियम अधिक असलेल्यांस, पॅजेटचा अस्थिविकार, हाडांचा कर्करोग किंवा हाडांवर पूर्वी किरणोपचार झालेल्यांस, तसेच वाढत्या वयाच्या मुलांस हे औषध देत नाहीत. मूतखड्याचा त्रास किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे.

उंदरांवरील प्रयोगांत हाडांचा कर्करोग आढळल्यामुळे या औषधावर ठळक इशारा छापला जात असे. माणसांत तसा धोका वाढल्याचे न दिसल्याने अमेरिकेत तो २०२० साली काढण्यात आला. तरीही उपचार सामान्यतः आयुष्यात एकूण २ वर्षांपुरताच ठेवतात.

उपचार संपला म्हणजे काम संपले, अशी समजूत मात्र घातक ठरते. पुढे झीज रोखणारे दुसरे औषध सुरू केले नाही, तर कमावलेले हाड पुन्हा विरते. महागड्या इंजेक्शनांवर दोन वर्षे खर्च करून शेवटी हात हलवीत बसण्यापेक्षा, ‘यानंतर काय?’ हा प्रश्न डॉक्टरांना वेळीच विचारणे शहाणपणाचे.