इंधन अंतःक्षेपक : सफाई व बदल

अंतर्ज्वलन-एंजिनाच्या सिलिंडराला लागणारे इंधन नेमक्या क्षणी, मोजक्या प्रमाणात व सूक्ष्म तुषारांच्या रूपात पुरविणाऱ्या साधनास इंधन अंतःक्षेपक म्हणतात. व्यवहारात इंजेक्टर हेच नाव रूढ आहे. मोटारगाडीचा वेग मंदावला, इंधन जास्त लागू लागले किंवा एंजिन थरथरू लागले की, अंतःक्षेपक साफ करावेत, नवे बसवावेत की अधिक क्षमतेचे घ्यावेत, असा प्रश्न वाहनधारकापुढे उभा राहतो. त्याचे उत्तर बिघाडाच्या स्वरूपावर अवलंबून असते. साचलेल्या थरामुळे आलेला दोष सफाईने जातो. झिजेमुळे आलेला दोष सफाईने जात नाही. आणि एंजिनाची हवेची गरज वाढलेली नसताना मोठा अंतःक्षेपक बसवून शक्ती वाढत नाही. या तीन गोष्टींतील भेद न ओळखल्यास खर्च वाया जातो व क्वचित एंजिनही निकामी होते.

इतिहास : रूडोल्फ डीझेल यांच्या १८९७ मधील एंजिनात इंधन संपीडित हवेच्या झोताबरोबर सिलिंडरात सोडले जात असे. हवेचा संपीडक अवजड असल्याने ही पद्धत मोटारगाड्यांना सोयीची नव्हती. जर्मनीतील बॉश कंपनीने १९२७ मध्ये उच्च दाबाच्या इंधन पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले, तेव्हा रस्त्यावरील वाहनांना डीझेल एंजिन बसविणे सुकर झाले. पेट्रोल एंजिनात दीर्घकाळ कारब्युरेटर वापरात होता. १९५४ च्या मर्सिडीझ-बेंझ ३०० एसएल या गाडीत यांत्रिक अंतःक्षेपण वापरले गेले व १९६७ मध्ये इलेक्ट्रॉनीय नियंत्रणाची पद्धत बाजारात आली. डीझेल गाड्यांत १९९७ पासून समाईक उच्चदाब नळीची म्हणजे कॉमन रेल पद्धत रूढ होऊ लागली.

भारतात या साधनांच्या निर्मितीशी नाशिकचा निकटचा संबंध आहे. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या मोटार इंडस्ट्रीज कंपनीने (मायको) पुढे नाशिकच्या सातपूर औद्योगिक क्षेत्रात कारखाना उभारला. डीझेल एंजिनांची नॉझले व अंतःक्षेपक ही त्याची प्रमुख उत्पादने होत. २००८ मध्ये कंपनीचे नाव बॉश लिमिटेड असे झाले, तरी नाशिककरांच्या बोलण्यात ‘मायको’ हे नाव टिकून आहे. महिंद्र अँड महिंद्र कंपनीचा मोटारगाड्यांचा कारखानाही सातपूर येथेच आहे.

रचना व कार्य : पेट्रोल एंजिनाच्या नेहमीच्या अंतःक्षेपकात तारेचे वेटोळे, लोहगाभा, स्प्रिंग व सुईसारखी झडप असते. नियंत्रकाकडून विद्युत् प्रवाह आला की, चुंबकत्वामुळे गाभा उचलला जातो, झडप उघडते आणि सुमारे ३ ते ४ बार दाबाखालील पेट्रोल प्रवेश झडपेच्या दिशेने फवारले जाते (१ बार म्हणजे जवळजवळ वातावरणाच्या दाबाइतका दाब). इंधनाची मात्रा झडप किती काळ उघडी राहते यावर ठरते. एंजिन संथ चालत असताना हा काळ साधारणतः २ ते ३ मिलिसेकंद असतो. पेट्रोल थेट सिलिंडरात सोडणाऱ्या एंजिनांत दाब १०० ते ३५० बारपर्यंत असतो.

डीझेल एंजिनात इंधन तापलेल्या संपीडित हवेत सोडावे लागते, म्हणून दाब फार मोठा लागतो. जुन्या यांत्रिक अंतःक्षेपकात पंपाच्या दाबाने स्प्रिंगविरुद्ध सुई उचलली जाते. कॉमन रेल पद्धतीत समाईक नळीतील दाब २,००० बार किंवा त्याहूनही अधिक असू शकतो व एकाच आवर्तनात इंधनाचे अनेक फवारे सोडले जातात. अशा नॉझलाच्या छिद्रांचा व्यास सुमारे ०·१ ते ०·१५ मिमी. असतो आणि सुई व तिचे घर यांतील अंतर केवळ काही मायक्रॉन असते. डोळ्यांना न दिसणारा धूळकणही या घरात ओरखडे पाडू शकतो.

दोषांची कारणे : (१) थर साचणे : गरम एंजिन बंद केल्यावर अंतःक्षेपकाच्या टोकाशी राहिलेले इंधन उष्णतेने उडून जाते व त्यातील जड, चिकट घटक मागे उरतात. शहरात थोडे अंतर जाऊन वारंवार थांबणाऱ्या गाडीत हा थर लवकर वाढतो. (२) झीज : इंधनातील कण व अखंड आघात यांमुळे झडपेची बैठक व छिद्रांच्या कडा झिजतात. (३) गंज : इंधनात पाणी शिरल्यास सुईच्या पृष्ठभागावर खळगे पडतात. (४) विद्युतीय दोष : वेटोळे तुटणे, जोडणी सैल होणे इत्यादी.

पहिल्या दोन कारणांतील भेद द्राक्षबागेच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. निफाड किंवा दिंडोरी तालुक्यातील बागाईतदार फवारणी यंत्राच्या नॉझलात कचरा अडकल्यास ते धुऊन पुन्हा बसवतो. परंतु दीर्घ वापराने चकतीचे छिद्र मोठे झाले, थेंब जाड पडू लागले व औषध जास्त जाऊ लागले, तर तो चकतीच बदलतो. कारण धुतल्याने छिद्र लहान होत नाही. एंजिनाच्या अंतःक्षेपकासही हाच न्याय लागू पडतो.

लक्षणे व निदान : संथ गतीत एंजिन हेलकावणे, गती वाढविताना अडखळणे, सुरू होण्यास वेळ लागणे, इंधनाचा खप वाढणे ही दोषाची नेहमीची लक्षणे होत. डीझेल गाडीत काळा धूर व ठोके यांचीही त्यात भर पडते. निफाड परिसरात हिवाळ्यात तपमान ५° से.च्या आसपास उतरते. तेव्हा पहाटे एंजिन सुरू केल्यावर पांढरा धूर बराच वेळ राहिल्यास तुषार नीट न होण्याची शंका घेता येते. मात्र यांपैकी कोणतेही लक्षण एकट्या अंतःक्षेपकाचे नाही. झिजलेला स्पार्क प्लग, तुंबलेली हवेची वा इंधनाची गाळणी, प्रवेश नळीतून होणारी हवेची गळती, दुबळा इंधन पंप किंवा सिलिंडरातील कमी झालेले संपीडन यांमुळेही हीच लक्षणे दिसतात. कसारा घाट चढताना एंजिनाची ओढ कमी पडली, एवढ्यावरून अंतःक्षेपक बदलणे म्हणूनच अयोग्य ठरते.

निदानाचा क्रम स्वस्त तपासणीकडून महाग तपासणीकडे असावा. प्रथम गाळण्या, प्लग, इंधनाचा दाब व संपीडन तपासतात. पेट्रोल गाडीच्या नियंत्रकाशी वाचक यंत्र जोडल्यास इंधनाच्या मात्रेत नियंत्रकाने किती दुरुस्ती केली आहे, ते समजते. निष्कास वायूतील ऑक्सिजनाचा संवेदक सामान्यतः अनेक सिलिंडरांचा एकत्रित वायू मोजतो. त्यामुळे एक अंतःक्षेपक तुंबला, तर नियंत्रक सर्वांचीच मात्रा वाढवितो. दोषी सिलिंडराला इंधन कमीच पडते व उरलेल्यांना ते अधिक मिळते. म्हणून सर्व अंतःक्षेपक काढून चाचणी यंत्रावर शेजारी शेजारी लावणे हा खात्रीचा मार्ग आहे. तेथे फवाऱ्याचा आकार, बंद स्थितीतील गळती व ठराविक वेळात मोजपात्रात जमा होणारे इंधन यांची तुलना करतात. कॉमन रेल अंतःक्षेपकांच्या बाबतीत परतीच्या नळीतून टाकीकडे जाणारे इंधन मोजतात. एखाद्याचे परतीचे इंधन इतरांपेक्षा बरेच अधिक असल्यास त्याचा आतील भाग झिजला आहे, असे समजतात.

सफाई : तीन पद्धती प्रचलित आहेत. पहिलीत टाकीतील इंधनात पॉलिईथर अमाइनासारखे निर्मलक द्रव्य मिसळतात. सौम्य थरावर हा उपाय चालतो. पूर्ण तुंबलेल्या छिद्रातून द्रव्य जातच नसल्याने तेथे तो निरुपयोगी ठरतो. दुसरीत एंजिनाचा नेहमीचा इंधनपुरवठा तोडून ते काही काळ विद्रावकयुक्त इंधनावर चालवितात. तिसरीत अंतःक्षेपक काढून श्राव्यातीत ध्वनितरंगांच्या कुंडात ठेवतात. तरंगांमुळे द्रवात असंख्य सूक्ष्म बुडबुडे निर्माण होऊन फुटतात आणि त्यांच्या आघाताने थर सुटतो. या वेळी झडप विद्युत् स्पंदांनी उघडझाप करीत ठेवावी लागते, तसेच आतील बारीक जाळी व रबरी कडी नव्याने घालावी लागतात. सफाईपूर्वीचे व नंतरचे मोजमाप ग्राहकास दिले जात नसेल, तर त्या सफाईचा उपयोग झाला की नाही, हे ठरविता येत नाही. पेट्रोल थेट सिलिंडरात सोडणाऱ्या एंजिनात इंधन प्रवेश झडपेवर पडत नाही. म्हणून टाकीत घातलेल्या द्रव्याने झडपेवरील काजळी निघत नाही.

जुन्या यांत्रिक डीझेल अंतःक्षेपकाचे नॉझल बदलून व स्प्रिंगचा दाब पुन्हा जुळवून तो दुरुस्त करता येतो. हातपंपाच्या चाचणी यंत्रावर सुई कोणत्या दाबास उघडते व टोकाशी थेंब लोंबतो काय, हे पाहतात. हा फवारा कधीही हातावर घेऊ नये. उच्च दाबाचे इंधन त्वचा भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली, तरी तातडीने शस्त्रक्रिया न झाल्यास बोट वा हात गमवावा लागू शकतो.

बदल : सफाईनंतरही गळती राहणे, प्रवाहात लक्षणीय तफावत असणे, वेटोळे तुटणे किंवा सुईवर गंज व ओरखडे दिसणे, ही बदलाची योग्य कारणे होत. गळणाऱ्या अंतःक्षेपकाकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे असते. पेट्रोल एंजिनात जादा इंधन सिलिंडराच्या भिंतीवरील वंगणाचा थर धुऊन टाकते व उत्प्रेरकी परिवर्तक तापवून निकामी करते. डीझेल एंजिनात सतत एकाच जागी पडणाऱ्या इंधनाने पिस्टनच्या माथ्याला भोक पडू शकते. एका अंतःक्षेपकाच्या खर्चातून सुटू पाहणाऱ्या मालवाहू गाडीच्या मालकावर अशा वेळी संपूर्ण एंजिन उघडण्याची पाळी येते व हंगामातील वाहतूकही बुडते.

कॉमन रेल अंतःक्षेपकावर त्याच्या निर्मितीतील सूक्ष्म फरक दर्शविणारा सांकेतिक अंक कोरलेला असतो. नवा अंतःक्षेपक बसविल्यावर तो अंक नियंत्रकात नोंदविणे आवश्यक असते. अन्यथा नवा भागही चुकीची मात्रा देतो. बैठकीखालील तांब्याची चकती पुन्हा वापरू नये.

अधिक क्षमतेचा अंतःक्षेपक : एंजिनाची शक्ती त्यात शिरणाऱ्या हवेवर अवलंबून असते, इंधन त्या हवेच्या प्रमाणात द्यावयाचे असते. १ किग्रॅ. पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४·७ किग्रॅ. हवा लागते. हवा तेवढीच ठेवून इंधन वाढविल्यास धूर व खप वाढतो, शक्ती नाही. पुरेशी क्षमता गणिताने काढता येते. समजा, चार सिलिंडरांच्या पेट्रोल एंजिनाची महत्तम शक्ती ६० किवॉ. आहे व दर किवॉ. तासास ३०० ग्रॅ. इंधन लागते. तर ताशी १८ किग्रॅ., म्हणजे प्रत्येक अंतःक्षेपकास मिनिटाला ७५ ग्रॅ. इंधन द्यावे लागेल. झडप उपलब्ध काळाच्या ८० टक्क्यांहून अधिक उघडी ठेवू नये, असा संकेत आहे. त्यानुसार क्षमता सुमारे ९४ ग्रॅ., म्हणजे जवळजवळ १२७ मिलि. प्रतिमिनिट हवी. मूळ अंतःक्षेपक एवढे देत असल्यास मोठ्याची गरज नाही. टर्बोभारक बसविणे किंवा शर्यतीसाठी एंजिन बदलणे अशा प्रसंगीच ती निर्माण होते आणि मग नियंत्रकातील आज्ञावलीही बदलावी लागते. तसे न केल्यास मोठा अंतःक्षेपक संथ गतीत प्रमाणाबाहेर इंधन सोडतो.

इंधनाचा दाब वाढवूनही प्रवाह वाढतो; पण तो दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत असल्याने दाब २० टक्के वाढविल्यास प्रवाह सुमारे १० टक्केच वाढतो. भारतात २०२५ पासून सर्वसाधारणपणे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. त्याचे आकारमान सुमारे ७ ते ८ टक्के अधिक लागते. झडप किंचित जास्त वेळ उघडी ठेवून नियंत्रक ही गरज भागवितो. त्यासाठी मोठ्या अंतःक्षेपकाची आवश्यकता नसते. इथेनॉल पाणी शोषून घेते, म्हणून दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या गाडीत गंजाकडे लक्ष द्यावे लागते. एंजिनातील फेरफार मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ च्या कक्षेत येऊ शकतात. नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल या कलमानुसार निषिद्ध आहे.

निगा : गाळणी वेळेवर बदलणे, डीझेल गाडीच्या गाळणीत साठलेले पाणी काढणे, टाकी वारंवार पूर्ण रिकामी होऊ न देणे व अधूनमधून लांब पल्ल्याचा प्रवास करणे यांनी अंतःक्षेपकाचे आयुष्य वाढते. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांनुसार इंधनातील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत १० भागांपर्यंत खाली आले आहे. गाडी सुरळीत चालत असताना केवळ ठराविक किलोमीटर पुरे झाले म्हणून अंतःक्षेपक काढून धुण्याचे कारण नसते. दोष दिसल्यास प्रथम मोजमाप करावे, थर आढळल्यास सफाई करावी, झीज आढळल्यास त्याच प्रकारचा नवा अंतःक्षेपक बसवावा व एंजिनाला मिळणारी हवा वाढविली असेल तरच अधिक क्षमतेचा विचार करावा, हा क्रम सर्व प्रकारच्या गाड्यांना लागू पडतो.