वादळ येण्याआधी : जाळी, कागद आणि सांगाडा

शेडनेटच्या जाळीत निम्मी जागा भोकांची असेल, तर वाऱ्याचा जोरही तिच्यावर निम्माच बसेल का? हा प्रश्न नववीच्या वर्गात विचारून पाहावा. बहुतेक मुले 'हो' म्हणतील. उत्तर मात्र 'नाही' असे आहे. ते 'नाही' का, हे कळले की वादळाचा इशारा मिळाल्यावर काय करावे आणि काय करू नये हेही बरेचसे कळते.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात संगमनेर, अकोले, राहाता, पारनेर अशा तालुक्यांत फिरताना शेडनेट आणि पॉलिहाऊस सहज दिसतात. कोणी त्यात रोपवाटिका चालवतो, कोणी ढोबळी मिरची घेतो, कोणी जरबेरा किंवा गुलाब. यातल्या पुष्कळ घरांचा पाया कर्जाचा असतो. दहा गुंठ्यांचे पॉलिहाऊस वाऱ्याने वाकले, तर हातचे पीक तर जातेच, शिवाय पुढची काही वर्षे हप्ते भरावे लागतात. म्हणून हा विषय केवळ पुस्तकी नाही.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' हे तीव्र चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरपेक्षा अधिक होता. सह्याद्री ओलांडून ते ईशान्येकडे सरकले. वाटेत मावळातील फुलशेतीच्या पॉलिहाऊसचे मोठे नुकसान झाले. चक्रीवादळाला शक्ती मिळते ती उबदार समुद्रावरून उठणाऱ्या बाष्पापासून. जमिनीवर आल्यावर हे इंधन तुटते, शिवाय डोंगर आणि झाडे यांचे घर्षण वाऱ्याला अडवते. त्यामुळे आपल्या जिल्ह्यापर्यंत येणारे चक्रीवादळ दुबळे झालेले असते. पण दुबळे म्हणजे निरुपद्रवी नव्हे. वेग आणि जोर यांचे नाते पाहिले की हे स्पष्ट होईल.

वाहती हवा एखाद्या पृष्ठभागावर आदळून थांबली, तर तेथे पडणारा दाब हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग भागिले दोन इतका असतो. हवेची घनता दर घनमीटरला सुमारे १.२ किलो धरली, तर सूत्र सोपे होते : दाब = ०.६ × वेगाचा वर्ग. वेग मीटर दर सेकंदात घेतला की दाब पास्कलमध्ये मिळतो. इमारतींवरील वाऱ्याच्या भाराविषयीच्या भारतीय मानकात हाच ०.६ चा आकडा वापरला आहे.

आता तीन वेग घेऊ. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. दाब ६० पास्कल, म्हणजे दर चौरस मीटरवर सुमारे ६ किलो वजनाइतका. ताशी ७२ किलोमीटरला २४० पास्कल, म्हणजे सुमारे २४ किलो. ताशी १०८ किलोमीटरला ५४० पास्कल, म्हणजे सुमारे ५५ किलो. वेग तिप्पट झाला, जोर नऊपट झाला. मुलांना वर्गाचे गणित शिकवताना यापेक्षा बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

दहा गुंठे म्हणजे साधारण १,००० चौरस मीटर. समजा, पॉलिहाऊस ३६ मीटर लांब, २८ मीटर रुंद आहे आणि बाजूची भिंत ४ मीटर उंच आहे. लांब बाजूचे क्षेत्रफळ १४४ चौरस मीटर. ताशी ३६ किलोमीटरचा वारा या भिंतीला सुमारे ९०० किलोच्या जोराने रेटतो, ताशी ७२ चा साडेतीन टनांनी आणि ताशी १०८ चा जवळजवळ आठ टनांनी. हे आकडे अंदाजी आहेत, पण त्यांचे प्रमाण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पण पॉलिहाऊस बहुधा रेट्याने पडत नाही, ते उपटले जाते. वारा भिंतीला धडकून वर चढतो. छताच्या कडेला त्याला एकाएकी वळता येत नाही, म्हणून तो छतापासून सुटून पुढे जातो आणि त्याच्याखाली कमी दाबाचा भाग तयार होतो. आत नेहमीचा दाब आणि बाहेर कमी दाब, त्यामुळे छत वर खेचले जाते. घराची कौले आणि पत्रे उडतात तीही मुख्यतः याच ओढीने. ही ओढ समोरच्या दाबाच्या ०.६ पट धरली, तर ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्यात दर चौरस मीटरला सुमारे १५ किलो होते. संपूर्ण छतावर ती जवळजवळ पंधरा टन भरते. २०० मायक्रॉनच्या प्लास्टिक कागदाचे वजन मात्र दर चौरस मीटरला पावशेरही नसते. म्हणजे छत जागेवर राहते ते आपल्या वजनाने नव्हे, तर खांबांनी जमिनीला घट्ट धरून ठेवल्यामुळे.

आता दाराकडे वळू. वाऱ्याच्या बाजूचे दार किंवा पडदा उघडा राहिला, तर हवा आत शिरते आणि कोंडते. आतला दाब वाढून छताला खालून ढकलू लागतो. म्हणजे वरून ओढ आणि खालून ढकल. मोठ्या उघड्या भागासाठी मानकात या आतल्या दाबाचा गुणांक ०.७ धरला आहे. ०.६ आणि ०.७ मिळून १.३ झाले. ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्यात ही ओढ दर चौरस मीटरला सुमारे ३२ किलो होते. बंद पॉलिहाऊसच्या छतावर एवढी ओढ यायला ताशी १०८ किलोमीटरचा वारा लागला असता. एक दार उघडे राहिले, की जणू वादळाचा वेग दीडपट झाला! उलट, फक्त वाऱ्याच्या मागची बाजू उघडी असेल तर आतला दाब कमी होतो आणि छतावरची ओढ घटते. म्हणून पहिला नियम असा, की वारा ज्या बाजूने येणार त्या बाजूचे पडदे आणि दारे आधी आणि पक्की बंद करावीत.

येथे एक अडचण आहे. चक्रीवादळाची सूचना एक-दोन दिवस आधी मिळते, पण आपल्या भागात जास्त वेळा येते ती एप्रिल-मेमधील वळवाची वावटळ. उंच ढगातून पडणारा पाऊस वाटेत कोरड्या हवेत काहीसा वाफ होऊन जातो. त्यामुळे हवा गार आणि जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. पावसाआधी येणारा तो धुळीचा लोट आणि एकाएकी लागणारा गारवा हाच होय. तो साधारणपणे ढगाच्या दिशेने येतो, आणि हाताशी काही मिनिटेच असतात. तेव्हा खरी तयारी मार्चअखेर करून ठेवायची असते.

त्यात सर्वांत महत्त्वाची तपासणी पायाची. ३० सेंटिमीटर व्यासाच्या आणि ७५ सेंटिमीटर खोल खड्ड्यातील काँक्रीटचे वजन सुमारे १२५ किलो भरते. एका खांबाच्या वाट्याला छताचे ३२ चौरस मीटर येत असतील, तर ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्यात त्याच्यावर पावणेपाचशे किलोची ओढ येते. उरलेला भार काँक्रीटला चारही बाजूंनी धरणारी माती पेलते. आणि आपल्या जिल्ह्यात मातीच दगा देऊ शकते. गोदावरी आणि प्रवरेच्या काठची भारी काळी जमीन उन्हाळ्यात आकसते, तिला भेगा पडतात आणि पायाभोवती फट निर्माण होते. नेमकी तेव्हाच वळवाची वावटळ येते. मुरमाड जमिनीत हा त्रास बराच कमी. काळ्या जमिनीत पाया भेगांच्या थराखाली न्यावा, भोवतीची फट मुरूम घालून धुमसावी, कोपऱ्यांतील खांबांना तिरके आधार द्यावेत. कागद धरणाऱ्या झिगझॅग स्प्रिंगा निसटल्या असतील तर बसवाव्यात. सैल कागद फडफडतो, आणि सतत फडफडणारा कागद साध्या ताणाला टिकला असता त्यापेक्षा फार लवकर फाटतो.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. हवा जाळीतून सरळ जात नाही. अरुंद भोकांतून जाताना तिचा वेग वाढतो, प्रत्येक धाग्यामागे भोवरे तयार होतात आणि त्यात तिची ऊर्जा खर्च होते. हा खर्च जाळीवरील रेट्याच्या रूपाने प्रकट होतो. म्हणून निम्म्या भोकांच्या जाळीवर सलग पडद्याच्या निम्म्याहून बराच जास्त जोर बसतो. पाऊस पडला की आणखी भर. कीटकरोधक जाळीच्या बारीक भोकांत पृष्ठताणामुळे पाण्याचे पापुद्रे धरून राहतात आणि जाळी काही अंशी कागदासारखी वागू लागते. चहाची गाळणी पाण्यात बुडवून काढली की हे पापुद्रे डोळ्यांना दिसतात.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात घरामागच्या पोहण्याच्या तलावावर डास-किडे येऊ नयेत म्हणून ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर अशीच बारीक जाळी लावतात. चक्रीवादळाचा इशारा मिळाला की काही घरमालक या जाळीचे भाग काढून ठेवतात किंवा कापून टाकतात. जाळी नवी बसवता येते, सांगाडा वाकला की सगळेच नवे करावे लागते. विजेच्या मंडलातील फ्यूज वितळतो आणि यंत्र वाचते, तसाच हा हिशेब आहे. शेडनेटची जाळी काढून गुंडाळता येत असेल, तर चक्रीवादळाचा इशारा मिळताच ती उतरवून बांधून ठेवणे उत्तम.

पॉलिहाऊसचा कागद कापण्याचा निर्णय अवघड असतो, कारण आत पीक उभे असते. साध्या वाऱ्यासाठी कागद कापणे म्हणजे हकनाक नुकसान. पण सांगाड्याला पेलवणार नाही अशा वाऱ्याची सूचना असेल, तर कागद द्यावा आणि लोखंड राखावे. मात्र फक्त वाऱ्याच्या बाजूला भोक पाडणे म्हणजे तेच उघडे दार! कापायचे तर समोरची बाजू, मागची बाजू आणि छत अशा तिन्ही ठिकाणी, आणि वारा सुरू होण्यापूर्वी. वारा सुटल्यावर कोणीही गटारावर चढू नये, कागद हाताने धरून ठेवू नये, आत थांबू नये. पंधरा टनांच्या ओढीपुढे चार माणसांचे वजन काहीच नाही, आणि धातूच्या उंच सांगाड्याला विजेचाही धोका असतोच.

कायमच्या उपायात झाडांची रांग येते. येथेही भोकांचेच शास्त्र उपयोगी पडते. सलग भिंतीच्या मागे मोठे भोवरे उठतात. सरू, शेवरी यांसारख्या झाडांची थोडी विरळ रांग वाऱ्याचा काही भाग जाऊ देते, त्यामुळे भोवरे कमी होतात आणि आडोसा झाडांच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत जाणवतो. फांदी मोडून कागदावर पडणार नाही इतके अंतर मात्र राखावे.

वर्गात करण्यासाठी एक प्रयोग सुचवतो. तारेच्या एकसारख्या चार चौकटी करा. एकीवर पुठ्ठा, दुसरीवर शेडनेटचा तुकडा, तिसरीवर मच्छरदाणी, चौथीवर ओली मच्छरदाणी ताणून बसवा. प्रत्येकीचे वजन करा आणि हलक्या चौकटींना चिकणमाती लावून सर्वांची वजने सारखी करा. मग टेबलपंख्यापुढे समान अंतरावर एकेक टांगा आणि ती किती अंशांनी कलते ते कोनमापकाने मोजा. वजन सारखे असल्याने जास्त कोन म्हणजे जास्त जोर. ओल्या जाळीचे वजन पाण्यामुळे वाढते आणि ती वाळताना घटते, म्हणून तिचे वजन पंख्यापुढे टांगण्याआधी आणि नंतर दोन्ही वेळा करावे.

शेवटी मुलांना जवळच्या एखाद्या शेडनेटवर न्यावे. शेतकऱ्याच्या परवानगीने खांबांच्या बुडाशी माती सुटली आहे का पाहावे, फटीत पट्टी घालून तिची खोली मोजावी आणि मोजलेले आकडे त्याच दिवशी त्या शेतकऱ्याला द्यावेत. वळीव येण्याआधी मुरूम भरायला त्याला वेळ मिळेल.