थोरली पाती, धाकटी पाती

धारच्या राजा भोजाच्या नावावर ‘समरांगणसूत्रधार’ हा वास्तुविद्येचा एक अवाढव्य ग्रंथ आहे. अकराव्या शतकातला. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेनं तो १९२४-२५ साली दोन खंडांत छापला. त्यातला एकतिसावा अध्याय यंत्रांचा. दिव्यात तेल घालणाऱ्या बाहुल्या, नाचणारे लाकडी पोपट, घटका मोजणारी पुतळी अशा गमतीजमती त्यात आहेत आणि त्यांच्या जोडीला एक पलंगही आहे. हा पलंग दर प्रहराला एक मजला वर सरकत जातो आणि शेवटी पाचव्या मजल्यावर पोचतो. सरकतो कसा, हे ग्रंथकार सांगत नाही. कृती गुप्त राहावी म्हणून सांगितली नाही, आपल्याला येत नाही म्हणून नव्हे, अशी पुस्ती मात्र आठवणीनं जोडतो.

रात्रीला मजले असतात ही कल्पना मला फार आवडते. झोपेलाही मजले असतात हे नीट कळायला १९५३ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी शिकागो विद्यापीठातल्या युजीन असेरिन्स्की आणि नॅथानिएल क्लाइटमन यांनी प्रसिद्ध केलं की झोपलेल्या माणसाचे डोळे मिटल्या पापण्यांआड अधूनमधून भराभर हलत असतात. पुढे चित्र स्पष्ट झालं. झोपेचं साधारण दीड तासाचं एक आवर्तन असतं. रात्रीच्या पूर्वार्धात गाढ झोप जास्त, पहाटेकडे स्वप्नांची जास्त. भोजाचा पलंग नेमका पहाटेच सगळ्यात वर असतो! आता यावरून ‘आमच्याकडे हे आधीच ठाऊक होतं’ असं कुणी म्हणू लागलं तर त्याला लांबूनच हात जोडावेत. भोजाचा पलंग बाहेरच्या प्रहरांवर चालतो. सजीवांच्या आत जे घड्याळ आहे त्याची गोष्ट निराळी, आणि ती धार जिल्ह्यातल्याच एका झाडापासून सांगता येते.

मांडवगडावर गोरखचिंचेची झाडं आहेत. मूळची आफ्रिकेची, पण इथे इतकी रुळलेली की तिची फळं ‘मांडू की इमली’ म्हणूनच विकली जातात. पावसाळ्याच्या तोंडाशी झाड फुलतं. तळहाताएवढं पांढरं फूल लांब देठाला उलटं लोंबतं, सूर्य मावळताना उमलतं, रात्री वटवाघळं येऊन जातात आणि दुसऱ्या दिवशी ते कोमेजून गळतं. संध्याकाळ झाली हे फुलाला कळतं कसं? उजेड कमी झाला की कळत असेल, हे सरळ उत्तर. शेकडो वर्षं ते सगळ्यांना पटतही होतं.

देवासची माझी आजी तिन्हीसांजेनंतर फूलपान तोडू द्यायची नाही. झाडं झोपलीत म्हणायची. चिंचेची, शिरीषाची पानं मिटलेली दाखवायची. चिंचेच्या पानांची ही हालचाल अलेक्झांडरच्या स्वारीतल्या अँड्रॉस्थेनिस नावाच्या सरदारानं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच टिपून ठेवली होती. पण झाडाची परीक्षा घ्यावी असं सुचलं ते १७२९ मध्ये फ्रान्सच्या दे मेराँ या खगोलशास्त्रज्ञाला. त्यानं लाजाळूचं झाड अंधारात ठेवलं. बाहेर दिवस उगवला तेव्हा अंधारातली पानंही उघडली, रात्र झाली तेव्हा मिटली. १८३२ मध्ये द कँडोलनं आणखी एक गोष्ट पाहिली. सतत एकाच उजेडात ठेवलेल्या लाजाळूचा ‘दिवस’ चोवीस तासांचा राहत नाही, बावीस-तेवीस तासांचा होतो. बाहेरचा सूर्य पाहून पानं हलत असती तर असं झालं नसतं. म्हणजे घड्याळ झाडाचं स्वतःचं होतं, आणि घरच्या जुन्या लंबकाच्या घड्याळासारखं थोडं पुढेही धावत होतं.

ते घड्याळ चालतं कशावर, याचा पत्ता लावला तो पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या चिलटांनी, म्हणजे फळमाश्यांनी. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात रोनाल्ड कोनोप्का आणि सेमूर बेंझर यांना तीन तऱ्हेच्या बिघडलेल्या माश्या सापडल्या. एकीचा दिवस १९ तासांचा, दुसरीचा २८ तासांचा, तिसरीला दिवसरात्रीचं भानच नाही. तिन्ही बिघाड एकाच जनुकात होते. त्याचं नाव ठेवलं ‘पीरियड’. १९८४ मध्ये जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांनी ते जनुक हाती घेतलं आणि पुढे त्याची चाल उलगडली. त्याबद्दल या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. कोनोप्का तोवर हयात नव्हते, बेंझरही नव्हते.

ही चाल समजायला आपल्या लग्नातलं घटिकापात्र आठवावं. घंगाळातल्या पाण्यावर तळाला भोक असलेली वाटी तरंगते, हळूहळू भरते, बुडते. चोवीस मिनिटं झाली, एक घटका. गुरुजी वाटी काढतात, रिकामी करतात, पुन्हा सोडतात. पेशीतही असंच चालतं. पीरियड जनुकाच्या हुकमानं एक प्रथिन तयार होऊ लागतं. रात्री ते पुरेसं साठलं की पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि आपल्याच जनुकाचं तोंड बंद करतं. नवं प्रथिन बनत नाही, जुनं झिजत जातं. झिजून संपलं की जनुकाचं तोंड मोकळं होतं. या भरण्या-बुडण्याला लागतात सुमारे चोवीस तास. फरक एवढाच की इथे वाटी उचलायला गुरुजी लागत नाहीत. निळं-हिरवं शेवाळ म्हणून ओळखले जाणारे जीवाणू तर याहून पुढे गेले आहेत. त्यांची तीन प्रथिनं आणि थोडं एटीपी हे ऊर्जेचं रसायन परीक्षानळीत एकत्र ठेवलं तरी चोवीस तासांची लय चालू राहते, हे जपानी शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवलं. पेशी नाही, जनुक नाही, नळीत नुसतं घड्याळ.

माणसाचं घड्याळ मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या किंचित वर आहे. सुमारे वीस हजार पेशींची ही गाठ. तिचा दिवस सरासरी चोवीस तास अकरा मिनिटांचा. या अकरा मिनिटांची चूक रोज दुरुस्त करावी लागते, आणि ती करतो डोळ्यांत शिरणारा उजेड, मुख्यतः सकाळचा.

इथे मला देवासची आठवण होते. पवार घराण्यातल्या तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांमुळे या एका गावात दोन संस्थानं झाली, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन वाडे, दोन दरबार. मुख्य रस्त्याच्या एका बाजूला एकाचा अंमल, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचा, आणि पाण्याची, दिवाबत्तीची व्यवस्थाही दोन्हीकडे वेगळी. १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन होईपर्यंत हा संसार चालला. आपल्या देहातही हेच आहे. मेंदूतलं घड्याळ ही थोरली पाती. ती उजेडाचं ऐकते. यकृत, आतडी, स्वादुपिंड यांच्या पेशींत आपापली घड्याळं आहेत. ही धाकटी पाती, आणि ती ऐकते जेवणाचं. उंदीर रात्री खाणारा प्राणी. त्याला फक्त दिवसा खायला दिलं तर काही दिवसांत त्याच्या यकृताचं घड्याळ पार उलटं होतं, मेंदूतलं मात्र जागचं हलत नाही, असं जिनिव्हातल्या संशोधकांना २००० साली आढळलं. रात्री साडेबाराला सराफ्यात गराडू आणि मालपुवा खाणाऱ्या इंदूरकरांनी (मीही त्यांतलाच) हे वाक्य पुन्हा वाचावं. एका रस्त्यावर दोन कायदे लागू होतात ते असे.

देवास म्हटल्यावर कुमार गंधर्व आठवतात आणि रागांच्या वेळाही आठवतात. सकाळचा भैरव, रात्रीचा मालकंस यांचा धागा थेट या पेशींशी जोडायचा मोह गाण्यातल्या बऱ्याच मंडळींना होतो. माझ्या मते तो आवरावा. रागसमय ही आपल्या कानांची आणि परंपरेची कमाई आहे, तिला जनुकांच्या दाखल्याची गरज नाही.

उजेड आणि अन्न यांच्याशिवाय तिसरंही एक घड्याळ लावणारं आहे, ते म्हणजे सोबत. हा शोध भारतातला. मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनी जैविक घड्याळांचं मोठं काम उभं केलं. त्यांच्या गटानं १९८१ मध्ये गुहेतल्या वटवाघळांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काळ्याकुट्ट गुहेत पिंजऱ्यात ठेवलेल्या वटवाघळांना बाहेरचा उजेड दिसत नव्हता, तरी आजूबाजूची मोकळी वटवाघळं संध्याकाळी उडून जात आणि पहाटे परतत, तेवढ्यावर त्यांचं घड्याळ बरोबर लागत होतं. रिकाम्या गुहेत ठेवल्यावर मात्र ते भरकटलं. १९८५ मध्ये त्यांनी आणि विश्वनाथन यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की शेतातल्या उंदराच्या पिल्लांचं घड्याळ आईच्या येण्याजाण्यावर लागतं.

महाराष्ट्रात हा धागा उचलला तो माळव्याच्या अहिल्याबाईंचं नाव आता ज्या शहरानं घेतलं आहे त्या अहमदनगरनं. तिथल्या अहमदनगर महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात डी. एस. जोशी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी फळमाश्यांची घड्याळं अक्षांशाप्रमाणे आणि उंचीप्रमाणे कशी बदलतात ते तपासलं. थंड हिमालयातल्या माश्यांच्या बाबतीत कोशातून बाहेर पडण्याची लय तापमानावर अवलंबून असल्याचं त्यांना दिसलं. लोणारच्या विवरातल्या फळखाऊ वटवाघळांवर, त्यातही म्हाताऱ्या वटवाघळांवर, सोबतीचा काय परिणाम होतो हाही प्रश्न त्यांनी हाताळला. जिल्ह्याच्या गावातल्या महाविद्यालयात, चिलटांच्या बाटल्या मांडून झालेलं हे काम परदेशी नियतकालिकांत छापून आलं. आपल्याकडे त्याचा फारसा गवगवा झाला नाही, याचं नवल वाटत नाही, वाईट मात्र वाटतं.

झोपेचं क्षेत्र तर याहून विस्तारलं आहे. माशीला झोप येते हे २००० मध्ये मान्य झालं. तिला रात्रभर जागवलं तर ती दुसऱ्या दिवशी भरपाई करते, हा कळीचा पुरावा. २०१७ मध्ये उलट्या पडून राहणाऱ्या कॅसिओपिया जातीच्या जेलीफिशमध्येही हेच आढळलं. तिला मेंदूच नाही. २०२० मध्ये हायड्राची पाळी आली. त्यालाही मेंदू नाही. झोप मेंदूला विश्रांती देण्यासाठी निर्माण झाली, हे शाळेत शिकलेलं उत्तर इथे कोलमडतं. झोप मेंदूच्या आधीची दिसते. किती झोपायचं याला तर धरबंधच नाही. बोट्स्वानातल्या दोन रानहत्तिणींवर नजर ठेवली तेव्हा त्यांची झोप दिवसाला सरासरी दोनच तास भरली. फ्रिगेट पक्षी समुद्रावर सलग दिवसच्या दिवस उडत असताना दिवसाला जेमतेम ४२ मिनिटं झोपतो, तीही उडता उडता.

आपण तसे नाही, पण वागतो तसे. घड्याळाचीच गोष्ट घ्या. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची. धार पंचाहत्तर अंशांच्या थोडं पुढे आहे, म्हणून तिथे सूर्य सरासरी एकोणतीस मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. सूर्य उशिरा मावळतो, शाळेची घंटा मात्र सगळीकडे एकाच वेळी होते. सूर्यास्त तासभर उशिरा झाला तर मुलांची झोप साधारण अर्ध्या तासानं घटते, असं मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञानं भारतातल्याच आकडेवारीवरून मांडलं आहे. देवासच्या औद्योगिक वसाहतीत तिसरी पाळी रात्रभर चालते. रात्रपाळीचं काम ‘बहुधा कर्करोगकारक’ असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ मध्ये जाहीर केलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून कायम केलं. कारखान्यात निदान पाळी म्हणून नोंद तरी होते. रब्बीत गव्हाला पाणी द्यायला रात्रीच्या लाइटची वाट पाहत बांधावर कुडकुडणारा शेतकरी, मग तो माळव्यातला असो की मराठवाड्यातला, आठवड्याला बदलणारी रात्रपाळीच करत असतो. तिचं नाव कुठल्याही हजेरीपटावर नाही.

आणि हे त्या माळव्यात, ज्याची रात्र वाखाणलेली आहे. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि ‘शब-ए-मालवा’ असं उत्तरेत म्हणतात. पाचशे-सहाशे मीटर उंचीचं हे पठार दिवसा कितीही तापलं तरी कोरड्या हवेत रात्री लवकर निवतं. झोप येण्याआधी शरीराचं आतलं तापमान उतरू लागतं. ती उष्णता हातापायांच्या त्वचेतून बाहेर टाकली जाते, म्हणूनच पाय गरम असले की झोप पटकन लागते, हे स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी १९९९ मध्ये मोजून दाखवलं. बाहेरची हवा गार असली की हे काम सोपं होतं. गच्चीवर अंथरूण घालून निजणाऱ्या देवासकरांना ते न मोजताही जमत होतं. आता गच्चीवर टाक्या आहेत आणि खोलीत वातानुकूलन यंत्र.

मांडवला बहुतेक लोक इंदुरातून सकाळी निघून संध्याकाळी परत येतात. जहाजमहाल होतो, रूपमतीचा मंडप होतो, मक्याचं कणीस होतं. पावसाळ्याच्या तोंडाशी जाणार असाल तर एक रात्र मुक्काम करा आणि सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी गोरखचिंचेखाली जाऊन बसा. दिवसा आलेल्याला खाली पडलेली तपकिरी फुलंच दिसतात.