महासागराची खोली आणि सूक्ष्म कवचांचे जतन

'चॅलेंजर' या ब्रिटिश जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात सागरतळाचे जे नमुने गोळा केले, त्यांवरून एक लक्षणीय गोष्ट उघड झाली. फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म जीवांची कॅल्शियम कार्बोनेटची कवचे मध्यम खोलीवरील सिंधुपंकात विपुल असतात; खोली वाढत जाते तशी ती विरळ होतात आणि अतिखोल तळावर बहुधा तांबडी मृत्तिकाच उरते. वस्तुतः दोन्ही ठिकाणी वरच्या पाण्यात हे जीव वावरत असतातच. अर्थात हा भेद कवचांच्या निर्मितीतील नसून त्यांच्या जतनातील होय.

याचे कारण सागरजलाच्या रसायनात आहे. पृष्ठजल कॅल्साइटने अतिसंपृक्त असते. खोल पाण्यात मात्र वाढत्या दाबामुळे कॅल्साइटची विद्राव्यता वाढते. शिवाय सेंद्रिय द्रव्याच्या कुजण्याने सुटलेला कार्बन डायऑक्साइड कार्बोनेट आयनांचे प्रमाण घटवितो. पीटर्सन यांनी मध्य पॅसिफिकमध्ये निरनिराळ्या खोलींवर कॅल्साइटचे गोल टांगून ठेवले होते. सुमारे ३,७०० मीटरांखाली त्यांच्या विरघळण्याचा वेग एकाएकी वाढल्याचे १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत दिसून आले.

याहूनही खाली, वरून येणारा कार्बोनेटचा पुरवठा आणि त्याचे विरघळणे ही समतुल्य होतात. या पातळीस कार्बोनेट-प्रतिपूरण खोली म्हणतात. ती अटलांटिकमध्ये साधारणतः ५,००० मीटरांच्या आसपास, तर पॅसिफिकच्या बऱ्याच भागात ४,२०० ते ४,५०० मीटरांवर आढळते. पॅसिफिकचे खोल जल पृष्ठभागापासून दीर्घकाळ दुरावलेले असल्याने त्यात कार्बन डायऑक्साइड अधिक साचलेला असतो. टेरोपॉडांची अ‍ॅरॅगोनाइटची कवचे तर याहून पुष्कळच कमी खोलीवर नष्ट होतात.

तथापि सर्व कवचे सारख्याच गतीने विरघळत नाहीत, आणि अभ्यासकाची फसगत होते ती येथेच. ग्लोबिजेरिनॉइडीस रूबर या उष्ण पृष्ठजलातील जातीचे पातळ कवच लवकर नाहीसे होते. ग्लोबोरोटॅलिया ट्युमिडाचे जाड कवच दीर्घकाळ टिकते. उरलेल्या कवचांच्या प्रमाणावरून प्राचीन तापमान काढल्यास ते वास्तवापेक्षा कमी भरण्याचा संभव असतो. म्हणून तुटलेल्या कवचांचे व तलवासी जातींचे प्रमाण आधी तपासणे अगत्याचे ठरते. गाळातील एखाद्या जातीचा अभाव हा पूर्वीच्या हवामानाचा पुरावा मानण्यापूर्वी, तो खोलीचा परिणाम नाही ना, याची खात्री करून घेतली पाहिजे.