क्वायरची पट्टी

नवी मुंबईतल्या एखाद्या मराठी क्वायरने गाणे निवडले की पहिला वाद पट्टीचा. बहुतेक पुरुषांना काळी एक सोयीची (षड्ज सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा), तर बऱ्याच बायकांना काळी चार (सुमारे २०८). सर्वांना एका पट्टीत आणायचे तर आधी गाण्यातला सर्वांत वरचा स्वर शोधा आणि त्यावरून पट्टी ठरवा. तारसप्तकात ताणलेला आवाज हमखास उतरतो.

दुसरा प्रश्न स्वरमेळाचा. १९३०च्या दशकात शिकागोत थॉमस डॉर्सी यांनी रुजवलेले गॉस्पेल हे ख्रिस्ती भक्तिसंगीत अनेक आवाजांच्या मेळावर खुलते. रेव्हरंड ना. वा. टिळकांची (१८६१–१९१९) अभंग-ओवीतली भजने वेगळ्या घडणीची. रागात बांधलेल्या चालीवर कॉर्ड चढवत गेले की रागाची छटा झाकोळते. माझ्या मते तिथे षड्ज-पंचम धरून ठेवणारा एक गट पुरेसा आहे. या दोन स्वरांच्या कंपनांचे प्रमाण २:३ असल्याने मेळ स्वच्छ लागतो.

तिसरा प्रश्न कीबोर्डचा. त्याचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्धस्वराच्या सातव्या हिश्शाइतका, चढा असतो. तालमीत एकदा कीबोर्ड बंद ठेवून नुसत्या तंबोऱ्यावर गाऊन पाहा.