व्होल्टेज मोजलंत, पण कुठे?

दिवाळीत घरी गेले होते. आईची तक्रार अशी, की न्हाणीघरातला रॉड हल्ली पाणी तापवायला जास्त वेळ घेतो आणि मधूनच जळकट वास येतो. वायरमनकाका येऊन गेले होते. त्यांनी सॉकेटमध्ये मल्टिमीटर लावला, २२५ व्होल्ट दिसले. "लाइन एकदम ओके आहे वहिनी, रॉडच जुना झालाय," असं सांगून ते गेले.

मी पीएचडीत काय करते हे घरी कुणालाच नीट माहीत नाही. पण दिवसभर कशाचा तरी रेझिस्टन्स मोजते, एवढं माहीत आहे. म्हणून हे प्रकरण माझ्याकडे आलं.

शाळेत शिकलेलं आधी आठवूया. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रोध (रेझिस्टन्स), आणि व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे पॉवर. रॉडवर १५०० वॅट, २३० व्होल्ट असं छापलेलं होतं. म्हणजे करंट १५०० ÷ २३०, साधारण ६.५ अँपिअर. आणि रोध २३० ÷ ६.५, साधारण ३५ ओहम. प्लग काढून रॉडचा रोध मोजला तर मीटरवर ३५ च्या आसपासच आकडा आला. (रॉडमधली निक्रोमची तार तापल्यावर तिचा रोध थोडासाच वाढतो, म्हणून थंड रॉड मोजलेला इथे चालतो. जुन्या पिवळ्या बल्बला हे लावू नका, त्याचा रोध पेटल्यावर दसपटीहून जास्त होतो.) थोडक्यात, रॉड ठणठणीत होता.

मग गडबड कुठे? काकांनी व्होल्टेज मोजलं तेव्हा रॉड बंद होता. बंद असताना करंट शून्य, आणि करंट शून्य असेल तर वाटेत कितीही खराब जोड असो, त्याच्यावर पडणारं व्होल्टेज म्हणजे शून्य गुणिले रोध, म्हणजे शून्यच. मीटर बिचारा खरंच सांगत होता. पण प्रश्नच चुकीच्या वेळी विचारला होता.

मी काकांना परत बोलावलं आणि रॉड चालू ठेवून दोन ठिकाणी मोजायला सांगितलं. (हे चालू लाइनवरचं काम आहे. तुम्ही वायरमनकडूनच करून घ्या, ओल्या न्हाणीघरात स्वतः प्रयोग करू नका.) मीटरजवळच्या बोर्डवर २२४ व्होल्ट. रॉडच्या प्लगपाशी २१४. वाटेत १० व्होल्ट गायब.

आता हिशेब बघा. रॉडमधून करंट २१४ ÷ ३५.३, म्हणजे साधारण ६.१ अँपिअर. रॉडला मिळणारी पॉवर २१४ × ६.१, जेमतेम १३०० वॅट. आईचं बरोबर होतं, पाणी खरंच उशिरा तापत होतं. वाटेचा रोध १० ÷ ६.१, म्हणजे १.६ ओहम. न्हाणीघरापर्यंत दीड एमएमची तांब्याची वायर जाऊन-येऊन ५० मीटर धरली, तर तिचा रोध ०.६ ओहमच्या आसपास येतो. उरलेला १ ओहम कुठल्या तरी एका जोडात बसलेला. त्या जोडात जिरणारी पॉवर ६.१ × ६.१ × १, म्हणजे ३७ वॅट. ऐकायला किरकोळ वाटतं ना? घरगुती सोल्डरिंग गन २५ वॅटची असते, आणि ती कथील वितळवते. इथे त्याहून जास्त उष्णता प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये, रोज सकाळी.

आणि एमसीबी? तो पडणारच नाही. तो करंट जास्त झाला की पडतो, इथे तर करंट नेहमीपेक्षा कमी होता. सैल जोड धोकादायक असतो तो याचसाठी.

सॉकेट उघडलं तर एका टर्मिनलचा स्क्रू ढिला, वायरचं टोक काळंठिक्कर. सॉकेट बदललं, प्लगपाशी २२० व्होल्ट मिळायला लागले.

हे सगळं सांगतेय कारण हीच चूक मी स्वतः लॅबमध्ये चार महिने करत होते. माझं सँपल म्हणजे काचेवरचा धातूचा पातळ थर. त्याला दोन तारा जोडायच्या, करंट सोडायचा, त्याच दोन तारांवर व्होल्टेज मोजायचं, भागाकार करायचा. उत्तर ८ ओहमच्या आसपास यायचं. सँपल भट्टीत तापवल्यावर ते ४ व्हायचं. मी खूश! थराचा रोध निम्मा झाला, असं परिषदेसाठीच्या सारांशात लिहूनही टाकलं होतं.

मग एका सीनियरने विचारलं, "फोर-प्रोब केलंस का?" यात चार तारा असतात. बाहेरच्या दोन करंट नेतात, आतल्या दोन फक्त व्होल्टेज बघतात. व्होल्टमीटरचा स्वतःचा रोध कोट्यवधी ओहम, त्यामुळे आतल्या तारांतून करंट जवळजवळ वाहतच नाही आणि त्यांच्या जोडांवर व्होल्टेज पडत नाही. काकांच्या मीटरला जोड दिसला नाही त्याचं कारणही हेच, फक्त इथे ते आपल्या फायद्याचं. मोजलं. थराचा रोध आधी १.९, तापवल्यावर १.८. भट्टीत सुधारले होते ते माझे जोड, थर नव्हे.

खुद्द ओहमलाही याने छळलं होतं. सुरुवातीला तो व्होल्टाच्या सेलवर प्रयोग करायचा, पण करंट वाहू लागला की सेलचं व्होल्टेज ढळायचं. मग १८२६ मध्ये त्याने बिस्मथ आणि तांब्याची जोडी घेतली, एक टोक उकळत्या पाण्याजवळ, एक बर्फात. व्होल्टेज स्थिर झालं आणि नियम दिसला.

सारांश मी मागे घेतला. अकरा सँपल्स पुन्हा मोजायची आहेत, सात झाली आहेत.