भारताच्या पहिल्या सिनेमाचं युनिट गावकऱ्यांना दरोडेखोर वाटलं होतं

समजा, ऐतिहासिक शॉर्टफिल्म करायला तुमची गँग जुन्नरजवळच्या घाटघरला गेली. जीवधनच्या पायथ्याला फेटे बांधले, खोट्या तलवारी काढल्या. गावकरी फार तर विचारतील, "कुठलं चॅनल?"

पण सिनेमाचं शूटिंग ही काय भानगड असते, हेच कुणाला माहीत नसेल तर?

दादासाहेब फाळक्यांच्या युनिटसोबत तेच झालं. 'राजा हरिश्चंद्र'च्या आउटडोअर शूटिंगसाठी मंडळी वांगणीला गेली होती. किस्सा असा सांगतात की, तलवारी घेतलेली माणसं बघून गावकऱ्यांना वाटलं, दरोडेखोर आले. प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. शेवटी फाळक्यांनी कॅमेरा दाखवून सिनेमा कसा काढतात ते समजावलं, तेव्हा कुठे सुटका झाली.

गोंधळ एवढ्यावरच थांबला नव्हता. सिनेमात काम करायला एकही बाई तयार होईना. शेवटी हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंकेंना तारामती केलं. स्त्री भूमिका करणारे पुरुष मिशी काढायला तयार नव्हते, कारण वडील गेल्यावरच मिशी काढायची रीत होती. सिनेमात काम करतो म्हटलं की लोक नाकं मुरडायचे. म्हणून फाळक्यांनी नटांना सांगून ठेवलं, कुणी विचारलं तर 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे' म्हणा. परेश मोकाशींच्या २००९ च्या सिनेमाचं नाव याच किश्श्यावरून आलंय.

मग फाळके अनाडी दिग्दर्शक होते का?

तर नाही. माणसं, पैसा, परवानगी यांची घडी तेव्हा कुणीच बसवलेली नव्हती, कारण धंदाच नवीन होता. पण जे स्वतःच्या हातात होतं, ते त्यांनी पक्कं केलं होतं. १९१२ मध्ये ते लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम बघितलं, विल्यमसन कॅमेरा घेतला. परत आल्यावर थेट सिनेमाला हात घातला नाही. आधी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप कसं वाढतं, ते रोज थोडं थोडं शूट करून छोटी फिल्म बनवली. ती दाखवून पैसे उभे केले.

डावाला लागला होता सगळा संसार. विमा पॉलिसी गहाण, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही गेलेले. त्याच सरस्वतीबाई युनिटचा स्वयंपाक करायच्या आणि फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतच्या कामातही असायच्या. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला होता.

कित्येक महिने हा उद्योग चालला. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये सिनेमा लागला आणि लोकांनी गर्दी केली. भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून आज त्याचं नाव घेतलं जातं.

पहिल्या शूटिंगला गोंधळ होणारच, तो फाळक्यांनाही चुकला नाही. फक्त सेटवर गडबड झाली तेव्हा कॅमेरा कसा चालतो हे शिकायचं बाकी नव्हतं. तो अभ्यास वाटाण्याच्या रोपावर आधीच झाला होता.